पन्हळीतला जरबेरा

माझं काम पिवळी पानं बघण्याचं आहे. ऑफिसच्या ओळखपत्रावर त्याला भारदस्त इंग्रजी नाव दिलंय, पण नातेवाइकांना मी एवढंच सांगते आणि ते पुढे काही विचारत नाहीत. मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर फुलझाडं वाढवायचं सामान विकणारी एक कंपनी आहे, तुर्भ्याला. लोक आमच्याकडून पंप, जाळीचे कप, खताच्या बाटल्या नेतात, गच्चीत नाहीतर बाल्कनीत मांडामांड करतात, आणि पानांचा रंग बदलला की घाबरून फोटो पाठवतात. फोटो बघून झाडाला काय कमी पडलंय किंवा काय जास्त झालंय ते मी सांगायचं.

ह्यात जादू काही नाही. पहिला प्रश्न एकच असतो, बिघडलेलं पान जुनं की नवं? नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडलं तर झाड जुन्या पानांतलं काढून नव्यांना देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी पडतात. लोहाचं तसं नाही. ते ज्या पानात गेलं तिथलंच झालं, मागे फिरत नाही. त्यामुळे लोह कमी पडलं की वरची कोवळी पानं बिघडतात. शिरा हिरव्या राहतात आणि मधली जागा पिवळी होते. कडा करपल्या असतील तर पाणी फार खारट झालंय. एवढ्या माहितीवर बरेचसे फोटो निकालात निघतात.

पण लोक झाडाचा फोटो लग्नातल्यासारखा काढतात. मागे मावळता सूर्य, बाजूला नात, वाळत घातलेल्या चादरी, आणि कोपऱ्यात कुठेतरी पान. म्हणून मी एक मेसेज तयार करून ठेवला होता : 'कृपया फक्त पानाचा फोटो पाठवा. जवळून, उजेडात. मागे दुसरं काही नको.' दिवसभर तो चिकटवत असे. लोकांच्या घरात डोकवायची मला हौस नाही. कुणाच्या गच्चीवर काय आहे, कोण कुणावर रुसलंय, ह्याचा पानाशी काही संबंध नसतो असं माझं स्वच्छ मत होतं. माणसं कहाणी सांगायला लागली की मी तोच मेसेज परत चिकटवायची.

माझ्या वडिलांचं, म्हणजे पप्पांचं, कळंबोलीत फॅब्रिकेशनचं काम होतं. मराठवाड्यातल्या गावातून तरुणपणी आले, लोखंड बाजाराच्या कडेला एका शेडमध्ये हाताखाली लागले आणि पुढे ती शेड स्वतः चालवायला लागले. ग्रिल, गेट, ट्रकचे फाळके, न्हावा शेव्याकडच्या गोदामांतले रॅक, असं सगळं त्यांनी केलं. आम्ही बाजारातून चाललो की ते बोट दाखवायचे, हे आपलं, ते आपलं. मला लहानपणी अर्धी कळंबोली आमच्या मालकीची वाटायची.

मग डोळ्यांचं निघालं. वर्षानुवर्षं आर्कचा झगझगीत उजेड बघून आतला पडदा खराब झालाय, आता वेल्डिंग करायचं तर नाहीच, कुणी करत असेल तर तिकडे बघायचंही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. शेड दुसऱ्याकडे गेली आणि पप्पा घरी बसले.

बसले म्हणजे खरोखरच बसले. आमचं घर बैठं आहे, वर छोटी गच्ची. पप्पा दारात प्लास्टिकची खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत राहायचे. आईने मेथी निवडायला दिली तर निम्मी पानं देठांबरोबर टाकून द्यायचे, आई बोलली की उठून परत खुर्चीत. जेवण कमी झालं. बोलणं मुळातच कमी, तेही आटलं. त्यांच्याकडे मोबाइल होता, पण आलेला फोन उचलण्यापुरता. मी नेरूळला भाड्याच्या खोलीत एकटी राहते. फोन आईच लावायची आणि शेवटी 'घे, पप्पांशी बोल' म्हणून त्यांच्या कानाला धरायची. ते विचारायचे, "बरी हाईस ना?" मी म्हणायचे, "बरी आहे." की ते फोन आईच्या हातात परत द्यायचे. माझ्या बऱ्या असण्याबद्दल आमच्या घरात एवढंच बोलणं होई, आणि मला ते पुरेसं वाटायचं. मी वाळलेय असं आई दर भेटीत म्हणते, पण ती सगळ्यांनाच म्हणते.

एका रविवारी मी गेले होते तेव्हा आईने मला ओट्यापाशी गाठलं. भाकरी थापता थापता, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाली, "ह्यांचं मला काय खरं दिसंना. काल म्हणले, माझं आता काय काम हाय. मी म्हणलं असलं बोलू नका. तर म्हणले, न बोलता पण तेच हाय."

लक्षणं ओळखायची मला सवय आहे. हे लक्षण मला आवडलं नाही. सरळ सांगायचं तर मी घाबरले. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा आईने ती उलटली.

दुसऱ्या आठवड्यात मी पंप, कप, खताच्या बाटल्या आणि पांढऱ्या जरबेऱ्याची रोपं घेऊन कळंबोलीला गेले. पांढरा अशासाठी, की आईला पौर्णिमेच्या बुद्धवंदनेला पांढरी फुलं लागतात आणि बाजारातली नेमकी कडेने तपकिरी झालेली मिळतात. ह्यावर ती दर पौर्णिमेला चिडते. पप्पांना मी सगळं समजावून सांगितलं. ड्रममध्ये खताचं पाणी, पंपाने ते वर चढवायचं, झाडांच्या मुळांवरून वाहत परत ड्रममध्ये आणायचं. पाणी जरासं आंबट ठेवावं लागतं, तरच झाडाला लोह उचलता येतं. ते मोजायला पेनासारखं यंत्र, आणि आंबटपणा कमी झाला तर घालायला ॲसिडची बाटली. "पाण्याचे पाइप मात्र इथूनच घ्या. चांगले जाडे, पांढरे. बसमधून आणता येत नाहीत," मी म्हणाले.

पप्पांनी पंप हातात घेऊन उलटासुलटा बघितला. "पाणी कुठंच साठू द्यायचं नाही?"

"नाही. वाहतं पाहिजे."

"उतार किती?"

त्यांनी प्रश्न विचारला हे बघून आई पाण्याचा तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली.

पुढे आईच्या फोनवरून बातम्या यायला लागल्या. गच्चीवर ठोकाठोक चालू हाय. मला वर येऊ देईनात. बाजारात जाऊन आले, चार लोकं भेटली, चहा पिऊन आले. आज भाकरी मागून घेतली. मग एक दिवस फोटो आला. पप्पांनी आईचा फोन घेऊन स्वतः काढलेला. मी शिकवलं होतं तसाच, फक्त पान, जवळून, उजेडात. हिरवंगार, निरोगी पान. मी अंगठा दाखवला. मग रोज एक पान यायला लागलं. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत इतका शिस्तीचा फोटो काढणारा दुसरा कुणी नव्हता.

मी बघायला गेले नाही. तो आमच्याकडचा गर्दीचा हंगाम होता, आणि नेरूळहून कळंबोली लांब नाही म्हणूनच जाणं पुढे ढकललं जातं. शिवाय रोज पान दिसत होतं. पानात सगळं कळतं.

कळ्या धरल्या आणि नंतर पिवळेपणा आला. कोवळी पानं, शिरा हिरव्या, मधली जागा पिवळी. पाठ्यपुस्तकात छापावा असा लोहाचा अभाव. मी फोन करून विचारलं, पाण्याचा आंबटपणा किती? पप्पांनी आकडा सांगितला. जास्त चढलेला होता; हा आकडा चढला की आंबटपणा उतरलेला असतो. मला हायसं वाटलं. पाण्याचा आंबटपणा गेला की लोह पाण्यात असूनही झाडाला मिळत नाही, हे आमच्याकडे रोजचंच. मी म्हणाले, "ॲसिड घाला थोडं. आणि लोहाची बाटली पाठवते, ती पण सुरू करा."

"रोज चढतंय ते," पप्पा म्हणाले.

"मग रोज घाला."

त्यांनी रोज घातलं. सकाळी उठून आधी गच्चीवर, मग दात घासायचे, असं आई सांगायची. पण पानं सुधारेनात. आता ती पिवळीच्या पुढे जाऊन पांढुरकी पडायला लागली. नवं पान निघायचं ते आधीच्यापेक्षा बारीक. कळ्या होत्या तिथेच वाळल्या. मी लोह वाढवलं, लोहाचा प्रकार बदलला, पंप दिवसाचा किती वेळ चालतो ते विचारलं, ड्रम पूर्ण रिकामा करून ताजं पाणी भरायला लावलं. ताज्या पाण्याने थोडे दिवस बरं वाटायचं, मग परत तेच. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी कधीच 'नवीन रोपं घ्या' म्हणून फाइल बंद केली असती. इथे मी हात टेकायला तयार नव्हते आणि काय करावं ते सुचतही नव्हतं.

मग फोटो येणं थांबलं. आईचा फोन आला. "परत खाली येऊन बसायलेत," ती म्हणाली. "खुर्चीत. म्हणले, हे पण आपल्या हातनं झालं नाही. लोखंड गेलं, आता पाणी पण गेलं म्हणले." थोडं थांबून म्हणाली, "तू येशील का?"

मी त्याच दिवशी अर्धी रजा टाकून बसमध्ये बसले. वाटेत हायवेवर कंटेनरचे ट्रेलर अडकले होते, नेहमीप्रमाणे. मला उगाचच ड्रायव्हरचा राग येत होता.

पप्पा दारात होते. माझ्याकडे बघून "आलीस व्हय" म्हणाले आणि परत रस्त्याकडे बघायला लागले. मी चपला काढून सरळ गच्चीवर गेले.

तिथे पांढरे पाइप नव्हते. नटबोल्टने जोडलेल्या अँगलच्या स्टँडवर गच्चीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पन्हळ होती, पत्र्याची. घराच्या छपराला पावसाचं पाणी वाहून न्यायला असते तशी, पण कितीतरी नेटकी. वेल्डिंगला बंदी होती, म्हणून सगळे जोड पत्रा दुमडून, रिव्हेट मारून केलेले. प्रत्येक कपासाठी गोल भोक, आणि भोकाची कड आत वळवलेली, मुळांना धार लागू नये म्हणून. उतार इतका बरोबर की पाणी आवाज न करता वाहत होतं. बाहेरून गेटला मारायचा हिरवा ऑइलपेंट. फोटोत कधीमधी कडेला जी हिरवी पट्टी दिसायची ती ही होती. हिरव्या प्लास्टिकच्या कुंड्या मी इतक्या बघितल्यात की तिकडे माझं लक्षही गेलं नव्हतं.

मी एक कप उचलून आत बघितलं. आतून रंग नव्हता. उघडा जस्ताचा पत्रा. पाणी जिथपर्यंत चढत होतं तिथे चुन्यासारखी पांढरी भुकटी धरली होती. मी नखाने खरवडली. खाली पत्रा काळवंडलेला, खडबडीत.

कळायला वेळ लागला नाही. आंबट पाणी जस्ताला खातं. खाता खाता पाण्याचा आंबटपणा संपतो, म्हणून आकडा रोज चढत होता. आकडा चढला की मी ॲसिड घालायला सांगत होते, की पाणी परत भुकेलं होऊन पत्रा खायला लागत होतं. जस्त झाडाला लागतं, पण नखभर. जास्त झालं की ते झाडाला लोह घेऊ देत नाही, आणि मग पान हुबेहूब लोह कमी पडल्यासारखं दिसतं. मी त्या झाडांना बाटल्यांनी लोह पाजत होते आणि त्यांना ते घेता येत नव्हतं.

कळंबोलीत कुणालाही विचारा, पाण्याच्या कामाला कुठला पत्रा? तो जीआय म्हणेल, जस्ताचा. कूलरचा ट्रे असो, टाकी असो, छपराची पन्हळ असो. तो गंजत नाही, हे तिथल्या लहान पोरालाही माहीत असतं. प्लास्टिकचा पाइप म्हणजे प्लंबरचं काम. पप्पा ते कशाला करतील! मी पाइप सांगितले होते, पण मुलीच्या झाडांना त्यांनी त्यांच्या मते सगळ्यात चांगली वस्तू दिली होती.

आई जिना चढून वर आली. गुडघ्यांमुळे ती एरवी येत नाही. "कळलं का काय झालंय?"

मी तिला सांगितलं. तिने मान वळवून जिन्याकडे बघितलं, मग आवाज अगदी खाली आणला. "त्यांना सांगू नकोस."

"सांगू नको तर काय करू? झाडं मरतील."

"मरू दे. फुलं मी बाजारातनं आणीन. करपकी तर करपकी. पाण्याचा दोष हाय म्हण, ऊन जास्त लागलं म्हण. पण ही पन्हळ वाईट हाय म्हणू नकोस. किती दिवस लागून केलंय त्यांनी हे, तू बघितलं नाहीस. रात्री झोपताना मला उतार सांगायचे."

मला तिचा राग आला. दिवसभर मी अनोळखी लोकांना तुमचं चुकलंय, तुमचं पाणी खराब आहे, तुम्ही खत जास्त घातलंय, असं बेधडक सांगते. कुणी मेलेलं नाही. पण ती गच्चीच्या कठड्याला धरून उभी होती, गुडघा एका बाजूला झुकवून, आणि ती जे मागत होती ते तिला फुलांपेक्षा मोठं वाटत होतं, हे मला दिसत होतं. मी पन्हळीच्या वळवलेल्या कडेवरून बोट फिरवत उभी राहिले.

पाण्याचा दोष सांगितला असता तर काय झालं असतं? पप्पांनी दुसरं पाणी भरलं असतं, मग तिसरं. आणि झाडं मरायची ती मेलीच असती. मग त्यांच्याकडे कारण म्हणून काय उरलं असतं? स्वतःचे हात. ते ह्या घडीला दारात बसून तेच मानत होते. खऱ्या कारणात निदान पत्रा तरी होता.

मी खाली गेले, आतून दुसरी खुर्ची आणून त्यांच्या शेजारी टाकली आणि सांगितलं. माझी भुकटी लागलेली बोटं दाखवली. गिऱ्हाइकांना सांगते त्याच आवाजात सांगायचं ठरवलं होतं, पण आवाज तसा लागला नाही.

पप्पांनी माझी बोटं हातात धरून डोळ्यांजवळ नेली. बराच वेळ बघितलं.

"म्हंजी मीच," ते म्हणाले.

"पत्रा."

"पत्रा मीच आणला."

आई दाराआड उभी होती, तिच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

"बाजारात पत्र्यांच्या थप्पीत पाणी शिरलं की अशीच पांढरी धरते," पप्पा म्हणाले. "असला पत्रा मी कधी शेडमदी घेतला नाही, परत न्यायला लावायचो. हितं मला वाटलं, हे तुझं खत हाय."

"मला फोटोत दिसलं असतं तर मी पण ओळखलं असतं."

"तूच म्हणलीस, फक्त पान."

"हो."

"आन् आत रंग मारणार होतो. म्हणलं, झाडाला बाधंल."

"मारला असता तर कदाचित वाचली असती."

त्यांनी माझा हात सोडला. "रोजचं ते ॲसिड कशाला घालायचं होतं मग?"

"ते मी सांगितलं. त्याने पत्रा आणखी विरघळायला लागला."

पप्पा रस्त्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या गालाला वळी पडली. मी ती फार दिवसांनी बघत होते. "म्हंजी मी पत्रा खाऊ घालायलो," ते म्हणाले, "आन् तू वरनं लिंबू पिळायलीस."

आई दाराआडून हसली आणि लगेच खोकल्याचं निमित्त केलं.

पण पप्पा नुसत्या सांगण्यावर विश्वास ठेवणारे नाहीत. शेडमध्येही वजन पेलेल की नाही हे ते स्वतः वर चढून, उड्या मारून बघायचे. त्यांनी पन्हळ तशीच ठेवली आणि तिच्यातलं एकच झाड काढलं, सगळ्यात वाईट असलेलं. आईचा पिठाचा प्लास्टिकचा डबा मागून घेतला, पीठ कुठे ठेवायचं हा आईचा प्रश्न आईवरच सोडला, आणि डब्यात ताजं खताचं पाणी भरून ते झाड त्यात लावलं. बाकीची पन्हळीत. पाणी सारखं, ऊन सारखं. "आता बघू," ते म्हणाले.

परत फोटो यायला लागले. आता रोज दोन, डब्यातल्या झाडाचा आणि पन्हळीतल्या एका झाडाचा. मी ऑफिसमध्ये इतरांचे फोटो बाजूला सारून हे आधी उघडायची. पिवळं पडलेलं पान परत हिरवं होत नाही, बघायचं असतं ते पुढचं पान. डब्यातल्या झाडाला नवीन पान आलं, आधी मुठीसारखं मिटलेलं, मग उघडलं. सगळं हिरवं होतं. त्या दिवशी पप्पांनी पन्हळीतल्या झाडाचा फोटो पाठवलाच नाही.

मी रविवारी गेले तेव्हा पन्हळ उतरवलेली होती. अँगलचा स्टँड तोच, पण त्यावर आता पांढरे पाइप, आणि पाइपांची भोकंही कडा घासून गुळगुळीत केलेली. पन्हळीचे रिव्हेट त्यांनी एकेक करून काढले होते, पत्रा ठोकून सपाट केला होता आणि त्याचं ड्रमवर छप्पर केलं होतं, उन्हात खताचं पाणी तापू नये म्हणून. ते मी कधीच सांगायला हवं होतं, पण सांगितलं नव्हतं. छपरावर पाऊस पडला तर चालतो, पप्पा म्हणाले, त्याला जस्त काही म्हणत नाही. ते हे इतक्या सहज सांगत होते की मी जरा वेळ दुसरीकडेच बघत राहिले. मला रडू येत होतं, आणि ते मला गच्चीवर नको होतं.

काही झाडं गेली, काही वाचली. त्यातल्या एकाला पौर्णिमेच्या सुमारास फूल आलं. आईने पांढरी साडी नेसून ते बुद्धमूर्तीपुढे ठेवलं आणि वंदना झाल्यावर पप्पांना म्हणाली, "एकच आलं व्हय?" पप्पा म्हणाले, "एक तर आलं." आमच्याकडे कौतुक असंच करतात.

ऑफिसमधला तो मेसेज मी बदलला. आता त्यात असं आहे : 'एक फोटो पानाचा, जवळून. आणि एक लांबून, झाड ज्यात लावलंय ते सगळं दिसेल असा.' साहेब म्हणाले, लोक परत सूर्यास्त पाठवायला लागतील. पाठवतात. चादरी आणि नातीही येतात. नवीन मेसेज मी पप्पांना वाचून दाखवला होता. त्यांनी मान हलवली, "आधी ठेवलंय कशात ते बघायला पाहिजे," म्हणाले, आणि पाइपाचं टोपण घट्ट करायला गेले.

त्यानंतर मला लागोपाठ काही रविवार जाता आलं नाही. म्हणजे जाता आलं असतं. काम होतं, आणि कामापेक्षा कंटाळा जास्त होता. आईला फोनवर मी गर्दीचा हंगाम आहे असं सांगितलं. तो संपला होता.

एका दुपारी मी घरूनच काम करत होते तेव्हा मोबाइल वाजला आणि त्यावर पप्पांचा नंबर दिसला. पप्पा कधीच स्वतःहून फोन करत नाहीत. मी उभीच राहिले. "आईला काय झालं?"

"आई बरी हाय. झाडं पण बरी हायत." मग नेहमीचं. "तू बरी हाईस ना?"

"बरी आहे."

इथे आमचं बोलणं संपतं. मी फोन आईकडे जायची वाट बघत होते, पण आई तिथे नव्हतीच.

"फोटो पाठव," पप्पा म्हणाले.

"कशाचा?"

"तुझा."

मला हसू आलं. मी केस मागे केले, खिडकीच्या उजेडात चेहरा धरला, जरा हसले, आणि फोटो आईच्या फोनवर पाठवून दिला. थोड्या वेळाने परत पप्पांचाच फोन.

"हे जवळचं झालं," ते म्हणाले. "नुसतं तोंड दिसायलंय. लांबनं काढ. खोली दिसली पाहिजे सगळी."

फोन ठेवून मी खोलीकडे बघितलं. घर बदललं तेव्हाची खोकी अजून भिंतीला लागून होती, दोन तर चिकटपट्टीही न काढलेली. गादीवर लॅपटॉप, शेजारी पावाचं पाकीट आणि कालचा कप. ओट्यावर कुकर पालथा, कोरडा. दिवसाही लावून ठेवलेला दिवा. पडदा मी लावलाच नव्हता, खिडकीला जुनी ओढणी अडकवली होती. आवरायला घ्यावं असं मनात आलं आणि मी वाकून पावाचं पाकीट उचललंही.

मग ते होतं तिथे परत ठेवलं. फोन ओट्यावर कुकरला टेकवून उभा केला, टायमर लावला, आणि सगळी खोली मावेपर्यंत मागे सरकत समोरच्या भिंतीशी जाऊन उभी राहिले.